टॉक्सिप्रॉक्सीला सेटिंग बदलायला सांगितलं, ‘२००’ आलं, तरी बिघाड लागत नाही (किंवा निघत नाही)

टॉक्सिप्रॉक्सी म्हणजे ॲपच्या नेटवर्कच्या वाटेवर मुद्दाम बिघाड लावून बघायचं साधन, आणि तिने लावलेल्या प्रत्येक बिघाडाला ‘टॉक्सिक’ म्हणतात. आधी लक्षणं. यातलं एखादं तुमच्याकडे दिसत असेल तर पुढचं सगळं तुमच्यासाठीच आहे.

- कर्लने (टर्मिनलवरून एचटीटीपी रिक्वेस्ट पाठवणारी कमांड) दोन सेकंदांची लेटन्सी, म्हणजे उशीर, लावली, एपीआयने २०० (‘झालं’ असा कोड) दिलं, पण ॲप पूर्वीइतकंच सुसाट चालतंय.
- एक सेकंद लावला होता, ॲपला मात्र चार-पाच सेकंद लागतायत.
- दहा टक्के रिक्वेस्ट बिघडवायच्या होत्या. कधी एकही बिघडत नाही, कधी ओळीने सगळ्या बिघडतात.
- टॉक्सिक काढून टाकलं, तरी ॲप पुढचा मिनिटभर आजारीच.
- लॅपटॉपवर चालतं, सीआयवर (चाचण्या आपोआप चालवणाऱ्या सर्व्हरवर) चालत नाही. किंवा काल चाललं, आज नाही.
- एपीआयचा पत्ता ब्राउझरमध्ये उघडला की ४०३.
- एकही टॉक्सिक लावलेलं नसताना ॲपला कनेक्शन मिळतं आणि लगेच तुटतं.

टॉक्सिप्रॉक्सी म्हणजे ॲप आणि त्याचा डेटाबेस, रेडिस किंवा दुसरी सेवा यांच्या मधे बसणारी टीसीपी प्रॉक्सी. शॉपिफायने ती गो भाषेत लिहिली आणि ऑक्टोबर २०१४ पासून त्यांच्या डेव्हलपमेंट आणि टेस्ट एन्व्हायर्नमेंटमध्ये ती वापरात आहे. तिला स्वतःचा एचटीटीपी एपीआय आहे, पोर्ट ८४७४. ॲप चालू असताना या एपीआयला एक रिक्वेस्ट पाठवायची, की वाटेवर उशीर, कमी बँडविड्थ, तुटलेलं कनेक्शन असं हवं ते लावता येतं आणि काढता येतं. ॲप रीस्टार्ट करावं लागत नाही, त्याच्या कोडला हात लावावा लागत नाही. (खाली फील्डची आणि पत्त्यांची नावं देवनागरीत आहेत. टाइप करताना अर्थातच रोमन, आणि सगळी लहान अक्षरं.)

या साधनातली एक गोष्ट आमच्या टीमला महागात पडली होती. डेटाबेस मंदावला तर ॲप कसं वागतं, याची आम्ही चाचणी घेतली. लेटन्सी लावली, ॲप छान चाललं, अहवालात लिहिलं की टाइमआउट नीट काम करतो. काही आठवड्यांनी डेटाबेस खरोखरच मंदावला आणि ॲपचे सगळे थ्रेड अडकून पडले. मागे जाऊन पाहिलं तर चाचणीच्या वेळी ॲप प्रॉक्सीतून जातच नव्हतं, सरळ डेटाबेसशी बोलत होतं. बिघाड लागला नाही म्हणून चाचणी पास झाली होती. इतर बहुतेक साधनं बंद पडली की आरडाओरडा करतात. हे बंद पडलं की सगळं छान चाललंय असं दिसतं. तेव्हापासून ‘२०० आलं’ हा मी कधीच पुरावा धरत नाही. एपीआयने हो म्हणणं आणि वाटेवर बिघाड बसणं या दोन वेगळ्या घटना आहेत, आणि खालची प्रत्येक तपासणी या दोघींच्या मधलं अंतर शोधण्यासाठी आहे.

उत्तराचा कोड डोळ्यांनी बघा

याला अर्धा मिनिट लागतो. कर्लला ४०० किंवा ४०४ आलं तरी तो स्वतःहून अपयश कळवत नाही. त्याचा एक्झिट कोड शून्यच राहतो. सीआयच्या स्क्रिप्टमध्ये आउटपुट फेकून दिलेलं असेल तर चूक कोणालाच दिसत नाही आणि पुढची चाचणी निरोगी वाटेवर धावते. म्हणून स्क्रिप्टमधल्या प्रत्येक कर्लला ‘फेल’ हा ऑप्शन द्या आणि आत्ता हाताने एकदा रिक्वेस्ट पाठवून कोड वाचा.

४०४ म्हणजे त्या नावाची प्रॉक्सी किंवा टॉक्सिक नाही. ४०९ म्हणजे त्या नावाचं आधीच आहे. टॉक्सिकला नाव दिलं नाही तर टाइप आणि दिशा जोडून नाव बनतं, ‘लेटन्सी अंडरस्कोर डाउनस्ट्रीम’ असं. त्यामुळे तेच टॉक्सिक दुसऱ्यांदा लावायला गेलात की ४०९ येतं आणि जुनीच किंमत चालू राहते. ‘मी तर पाच सेकंद केले होते, दोनच का?’ या प्रश्नाचं उत्तर पुष्कळदा इतकंच असतं. असलेलं टॉक्सिक बदलायचं तर त्याच्या स्वतःच्या नावाच्या पत्त्यावर अपडेट पाठवा.

४०३ ब्राउझरमधून येतो आणि तो बिघाड नाही. ज्या रिक्वेस्टचा युजर-एजंट ‘मोझिला’ने सुरू होतो ती टॉक्सिप्रॉक्सी मुद्दाम नाकारते, कारण तसं केलं नाही तर एखादं भलतंच वेबपेज तुमच्या ब्राउझरकरवी तुमच्याच लॅपटॉपवरच्या एपीआयला हुकूम देऊ शकेल. कर्ल वापरा, पोस्टमन वापरा, किंवा सोबत येणारं कमांड-लाइन साधन वापरा.

तुम्ही नेमक्या कोणत्या टॉक्सिप्रॉक्सीशी बोलताय?

हीसुद्धा फुकटची तपासणी आहे. ‘/व्हर्जन’ला गेट (फक्त वाचणारी रिक्वेस्ट) पाठवा, मग ‘/प्रॉक्सीज’ला. आलेल्या यादीत तुमची प्रॉक्सी तुमच्या ‘लिसन’ (प्रॉक्सी जिथे ऐकते) आणि ‘अपस्ट्रीम’ (ती पुढे जिथे जोडते) पत्त्यांसह दिसते का? एकाच मशीनवर दोन टॉक्सिप्रॉक्सी चालू असणं नवीन नाही. एक कोणीतरी पूर्वी इन्स्टॉल करून ठेवलेली असते आणि दुसरी डॉकर कंपोजने उठवलेली. हुकूम एकीला जातो आणि ट्रॅफिक दुसरीतून वाहतो.

‘काल चाललं, आज नाही’ याचं मूळही इथेच सापडतं. टॉक्सिप्रॉक्सी तिची सगळी अवस्था मेमरीत ठेवते. प्रोसेस किंवा कंटेनर रीस्टार्ट झाला की कॉन्फिग फाइलमधल्या प्रॉक्सी परत येतात, टॉक्सिक मात्र येत नाहीत. एपीआयने बनवलेल्या प्रॉक्सी तर पूर्णच जातात. कंटेनर किती वेळापासून चालू आहे ते पाहिलं की लगेच कळतं.

लावलेलं टॉक्सिक परत वाचा

ज्याने माझे सर्वांत जास्त तास खाल्ले ते हे. टॉक्सिक लावल्यावर त्याच प्रॉक्सीच्या ‘/टॉक्सिक्स’ला गेट पाठवा आणि आलेला जेसन शब्दन्‌शब्द वाचा. आपण काय पाठवलं ते आपल्याला माहीत असतं, त्यातलं सर्व्हरला काय कळलं ते फक्त इथे दिसतं.

लेटन्सीचा आकडा ‘ॲट्रिब्यूट्स’ या आतल्या ऑब्जेक्टमध्ये जायला हवा. तो बाहेर, टाइपच्या शेजारी लिहिला तर सर्व्हर तक्रार करत नाही. अनोळखी फील्ड तो सरळ सोडून देतो, टॉक्सिक बनवतो, २०० देतो, आणि लेटन्सी शून्य ठेवतो. स्पेलिंग चुकलं तरी तेच. लेटन्सीच्या टॉक्सिकला ‘डिले’ नावाचं फील्ड दिलं तरी तेच, कारण ‘डिले’ हे स्लो-क्लोज (कनेक्शन उशिरा बंद करणारं) आणि स्लायसर (डेटाचे तुकडे करणारं) या टॉक्सिकचं फील्ड आहे. परत वाचताना शून्य दिसलं की शोध तिथेच संपतो. आकडा अवतरण चिन्हांत लिहिला असेल तर मात्र ४०० मिळतो. ती चूक निदान लपून राहत नाही.

एककंही इथेच ताडून घ्या. लेटन्सी आणि जिटर (उशिरातला कमी-जास्तपणा) मिलिसेकंदांत, बँडविड्थचा ‘रेट’ सेकंदाला किलोबाइटमध्ये, पण स्लायसरचा ‘डिले’ मायक्रोसेकंदांत असतो. स्लायसरला हजार दिले म्हणजे एक मिलिसेकंद झाला, एक सेकंद नव्हे.

आता दिशा. ‘डाउनस्ट्रीम’ म्हणजे सर्व्हरकडून क्लायंटकडे, ‘अपस्ट्रीम’ म्हणजे क्लायंटकडून सर्व्हरकडे. काहीच लिहिलं नाही तर डाउनस्ट्रीम धरलं जातं. साध्या प्रश्नोत्तराच्या वाहतुकीत लेटन्सीची दिशा चुकली तरी फेरीचा एकूण वेळ तेवढाच येतो, म्हणून ही चूक कळतच नाही. बँडविड्थ आणि लिमिट-डेटा (ठरावीक डेटा गेल्यावर कनेक्शन बंद करणारं टॉक्सिक) यांच्यात मात्र सगळा खेळ दिशेचा आहे. मोठी फाइल अपलोड करताना वेग कमी करायचाय आणि टॉक्सिक डाउनस्ट्रीमला बसलंय, तर काहीच होणार नाही. आणि चुकलेली दिशा अपडेट पाठवून सुधारत नाही. अपडेटमध्ये फक्त ॲट्रिब्यूट्स आणि टॉक्सिसिटी (टॉक्सिक लागण्याची शक्यता, ० ते १) बदलतात, ‘स्ट्रीम’ वाचलंच जात नाही, तरी २०० येतं. टॉक्सिक डिलीट करून नव्याने लावावं लागतं.

दार पूर्ण बंद करून बघा

इथपर्यंत सगळं बरोबर असेल तर आता ॲपच्या बाजूला या. मला एकच तपासणी करायची मुभा दिली तर मी हीच करेन.

पाटावरचं दार बंद केलं आणि तरी वाफ्यात पाणी येत राहिलं, तर पाणी दुसऱ्या चारीने येतंय. दार किती घट्ट बसलंय हे तपासण्यात अर्थ नाही. इथेही तसंच करायचं. प्रॉक्सीच्या पत्त्यावर अपडेट पाठवून ‘एनेबल्ड’ फॉल्स करा. प्रॉक्सी ऐकणं थांबवते, चालू कनेक्शनं तुटतात, नवं कनेक्शन नाकारलं जातं. ॲप त्या क्षणी कळवळलं पाहिजे. ते आरामात चालत राहिलं तर ट्रॅफिक तुमच्या प्रॉक्सीतून जात नाही, आणि लेटन्सीचे आकडे बदलत बसण्याने काही होणार नाही. (ही तपासणी फक्त चाचणीच्या एन्व्हायर्नमेंटमध्ये करा, आणि तिथे दुसरं कोणी काम करत असेल तर आधी सांगून करा.)

ट्रॅफिक दुसरीकडून का जातो? मला वारंवार भेटलेली कारणं अशी. ॲपची कॉन्फिगरेशन फाइल प्रॉक्सीच्या पोर्टकडे वळवली, पण एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल तिच्यावर मात करून जुनाच पत्ता देत होतं. पत्ता बदलला, पण ॲप तो फक्त सुरू होतानाच वाचतं आणि ते रीस्टार्ट केलंच नाही. लिहिणारं कनेक्शन प्रॉक्सीतून जातं, वाचणारं मात्र रीड रेप्लिकाकडे (डेटाबेसच्या फक्त वाचायच्या प्रतीकडे) सरळ. किंवा उत्तर कॅशेतून येतंय आणि डेटाबेसपर्यंत क्वेरी जातच नाही. हे शेवटचं दार बंद केल्यावरही गोंधळात टाकतं. त्यामुळे कॅशेत नसलेली नवीन नोंद मागवून बघा.

काफ्का, मोंगोचा रेप्लिका सेट आणि रेडिस क्लस्टर या अनेक मशीनवर पसरलेल्या सेवांची गोष्ट वेगळी आहे. यांचे क्लायंट पहिल्यांदा तुम्ही दिलेल्या पत्त्यावर जातात, तिथून ‘क्लस्टरमधले बाकीचे कुठे आहेत’ याची यादी घेतात, आणि मग त्या यादीतल्या पत्त्यांशी थेट बोलतात. काफ्कात ही यादी ‘ॲडव्हर्टाइज्ड लिसनर्स’मधून येते. म्हणजे पहिली भेट प्रॉक्सीतून होते, तुम्हाला लॉगमध्ये कनेक्शन दिसतं, समाधान वाटतं, आणि खरा डेटा बाजूने निघून जातो. उपाय असा की प्रत्येक ब्रोकरसाठी किंवा नोडसाठी स्वतंत्र प्रॉक्सी बनवायची आणि त्या यादीतच प्रॉक्सीचे पत्ते येतील अशी मांडणी करायची. हे काम तासाभराचं नाही. क्लस्टर सांभाळणाऱ्यांना सोबत घ्या.

कंटेनरमधला ‘लोकलहोस्ट’

कनेक्शन मिळून लगेच तुटत असेल तर इथे थांबा. टॉक्सिप्रॉक्सी आधी क्लायंटचं कनेक्शन स्वीकारते आणि मग अपस्ट्रीमला फोन लावते. अपस्ट्रीम मिळाला नाही तर क्लायंटचं कनेक्शन बंद करते. ॲपच्या नजरेला हे ‘जोडलं गेलं आणि तुटलं’ असं दिसतं, आणि माणूस डेटाबेसच्या पासवर्डपर्यंत सगळं तपासत बसतो. टॉक्सिप्रॉक्सीचा स्वतःचा लॉग उघडा. अपस्ट्रीमला जोडता आलं नाही असं तिथे स्वच्छ लिहिलेलं असतं.

कारण बहुधा हेच असतं: प्रॉक्सी डॉकरमध्ये आहे आणि अपस्ट्रीम म्हणून ‘लोकलहोस्ट’ दिलंय. कंटेनरच्या आत लोकलहोस्ट म्हणजे तो कंटेनरच. तिथे तुमचा डेटाबेस नाही. कंपोजमध्ये डेटाबेसच्या सर्व्हिसचं नाव द्या. याची उलट बाजू ‘लिसन’ला आहे. तिथे १२७.०.०.१ लिहिलं तर प्रॉक्सी कंटेनरच्या आतल्यांनाच ऐकते आणि पोर्ट मॅप करूनही बाहेरून कोणी पोचत नाही. ०.०.०.० लिहा.

याचंच एक भावंड एपीआयच्या पोर्टला आहे. डॉकर इमेज स्वतःहून एपीआय ०.०.०.० वर ऐकायला लावते, पण ते इमेजच्या डीफॉल्ट कमांडमध्ये लिहिलेलं आहे. तुम्ही कंपोजमध्ये कॉन्फिग फाइल देण्यासाठी स्वतःची कमांड लिहिली की ती डीफॉल्ट कमांड पुसली जाते आणि एपीआय पुन्हा लोकलहोस्टवर जातो. तुमच्या कमांडमध्ये होस्टचा ऑप्शनही हाताने लिहा.

लिनक्सवर प्रॉक्सीचे पोर्ट निवडताना ३२७६८ च्या वरची रेंज टाळा. त्यातले पोर्ट सिस्टिम तात्पुरत्या कनेक्शनांना वाटत असते, आणि महिन्यातून एकदा उगाच ‘पोर्ट आधीच वापरात आहे’ असं येऊन सीआय पडतं.

दहा टक्के म्हणजे कशाचे दहा टक्के?

टॉक्सिसिटी ०.१ दिली की बहुतेकांना वाटतं, दर दहा रिक्वेस्टमागे एक बिघडेल. टॉक्सिप्रॉक्सीला रिक्वेस्ट म्हणजे काय ते माहीतच नाही. ती टीसीपी पातळीवर काम करते आणि तिला फक्त कनेक्शन दिसतं. फासा कनेक्शनागणिक पडतो. एखाद्या कनेक्शनला टॉक्सिक लागलं की त्यावरून जाणाऱ्या सगळ्या रिक्वेस्ट बिघडतात. नाही लागलं तर एकही नाही.

त्यात ॲपला कनेक्शन पूल, म्हणजे उघडून ठेवलेल्या कनेक्शनांचा साठा, असतो. समजा पूल दहा कनेक्शनांचा आहे आणि टॉक्सिसिटी ०.१. दहांपैकी एकालाही टॉक्सिक न लागण्याची शक्यता ०.९ चा दहावा घात, म्हणजे जवळपास ३५ टक्के. तीन वेळा चाचणी चालवली तर त्यातली एखादी वेळ सर्वस्वी निरोगी जाणार यात काही नवल नाही. ‘ही चाचणी फ्लेकी आहे’ असं म्हणून ती बंद करून टाकलेल्या टीम मी पाहिल्या आहेत. चाचणी ठीकच होती, आकड्याचा अर्थ चुकला होता.

म्हणून निदान करताना टॉक्सिसिटी नेहमी १ ठेवा. बिघाड दिसला की मग ती कमी करा. आणि तुम्हाला खरोखर रिक्वेस्टच्या हिशेबाने टक्केवारी हवी असेल तर एचटीटीपी समजणारं साधन घ्या. एन्व्हॉय या एचटीटीपी समजणाऱ्या प्रॉक्सीचा फॉल्ट फिल्टर प्रत्येक रिक्वेस्टला स्वतंत्र निर्णय घेतो आणि त्याची टक्केवारी ॲडमिन एपीआयच्या ‘/रनटाइम-मॉडिफाय’मधून चालू असताना बदलता येते (खऱ्या पत्त्यात मधे अंडरस्कोर आहे). तिथला एक खड्डा सांगून ठेवते. एन्व्हॉयच्या रनटाइम कॉन्फिगरेशनमध्ये ‘ॲडमिन लेयर’ लिहिलेला नसेल तर हा पत्ता ५०३ देतो आणि काहीच बदलत नाही.

एकाचे चार सेकंद कसे झाले

इथे बहुतेक वेळा साधन बरोबर असतं आणि आपला हिशेब चुकतो. लेटन्सी प्रत्येक फेरीला लागते. नवं टीएलएस (एन्क्रिप्टेड) कनेक्शन उघडून डेटाबेसमध्ये लॉगिन करून एक क्वेरी चालवायची, तर त्यात अनेक फेऱ्या आहेत: टीएलएसची देवाणघेवाण, लॉगिनचे प्रश्नोत्तर, कदाचित प्रिपेअर्ड स्टेटमेंट, मग क्वेरी. प्रत्येक फेरीला एक सेकंद. त्यावर ॲप रीट्राय करत असेल तर तो गुणाकार वेगळा.

फरक ओळखायला सर्वांत साध्या गोष्टीने मोजा. रेडिस असेल तर प्रॉक्सीच्या पोर्टवरून आधी कनेक्शन उघडून ठेवा आणि मग नुसतं ‘पिंग’ पाठवा. ती एकच फेरी आहे. पिंगला एक सेकंद लागला तर टॉक्सिक अगदी बरोबर लागलंय, आणि उरलेले तीन सेकंद तुमच्या ॲपचे आहेत. ही माहिती अत्यंत मोलाची आहे, ती टाकून देऊ नका. एका वापरकर्त्याच्या क्लिकमागे डेटाबेसकडे चाळीस फेऱ्या होतात, हे आम्हाला अशाच मोजणीतून कळलं होतं.

याच जागी दुसरा गैरसमज असतो. लेटन्सी लावून ‘कनेक्ट टाइमआउट’ तपासता येत नाही. ॲपचं टीसीपी कनेक्शन प्रॉक्सीशी होतं आणि प्रॉक्सी ते तात्काळ स्वीकारते. उशीर त्यानंतरच्या डेटाला लागतो. म्हणजे तुम्ही तपासताय तो रीड टाइमआउट. दार बंद केलं तर कनेक्शन लगेच नाकारलं जातं, तोही कनेक्ट टाइमआउट नव्हे. सर्व्हर मुका झाल्याचा प्रसंग हवा असेल तर ‘टाइमआउट’ टॉक्सिक शून्य किमतीने लावा. कनेक्शन उघडं राहतं आणि टॉक्सिक काढेपर्यंत डेटा गिळला जातो. त्यात ॲप कायमचं लटकलं तर ते टॉक्सिप्रॉक्सीचं दुखणं नाही. उदाहरणार्थ पायथनच्या रिक्वेस्ट्स लायब्ररीला तुम्ही टाइमआउट दिला नाही तर ती स्वतःहून कोणताच लावत नाही. तुम्हाला खरा दोष सापडलाय, तो नोंदवा.

टॉक्सिक काढलं, तरी ॲप बरं होत नाही

पहिलं काम, खरंच निघालंय का ते बघा. ‘/प्रॉक्सीज’ला गेट पाठवा आणि प्रत्येक प्रॉक्सीपुढची टॉक्सिकची यादी रिकामी आहे ना ते वाचा. चाचणी मधेच कोसळली की शेवटी लिहिलेली साफसफाई चालत नाही आणि टॉक्सिक पुढच्या चाचणीला वारसाहक्काने मिळतं. बरेच जण चाचणीच्या सुरुवातीला ‘/पॉप्युलेट’ (प्रॉक्सींची यादी एकदम बनवणारा पत्ता) मारून समजतात की पाटी कोरी झाली. पॉप्युलेट असलेल्या प्रॉक्सीचे लिसन आणि अपस्ट्रीम जुळले की तिला हात लावत नाही, आणि तिच्यावरची टॉक्सिकही तशीच राहतात. कोरी पाटी ‘/रीसेट’ने होते. तो सगळी टॉक्सिक काढतो आणि बंद केलेल्या प्रॉक्सीही पुन्हा चालू करतो. रीसेट चाचणीच्या शेवटी तर ठेवाच, पण सुरुवातीलाही ठेवा.

मात्र समांतर चालणाऱ्या चाचण्या एकाच टॉक्सिप्रॉक्सीवर असतील तर एकीचा रीसेट दुसरीचा बिघाड पुसून टाकतो. ‘एकटी चालवली की पास, सगळ्या मिळून चालवल्या की नापास’ असं दिसलं की प्रत्येक चाचणीला वेगळ्या नावाची, वेगळ्या पोर्टची प्रॉक्सी द्या आणि फक्त तिचीच टॉक्सिक काढा.

यादी रिकामी आहे आणि तरी ॲप रडतंय? मग आजार ॲपच्या अंगात उतरलाय. सर्किट ब्रेकर (वारंवार अपयश आल्यावर कॉल थांबवणारा कोड) उघडा असेल. जावाची रेझिलियन्सफोरजे लायब्ररी डीफॉल्ट सेटिंगवर उघडा ब्रेकर ६० सेकंद उघडाच ठेवते. जावाच्याच हिकारी या कनेक्शन पूलमध्ये कनेक्शनसाठी ताटकळणाऱ्या थ्रेडला डीफॉल्टने ३० सेकंद वाट बघावी लागते. रीट्रायचा साचलेला ढीगही उपसायला वेळ लागतो. इथे काही दुरुस्त करायचं नाही. घड्याळ लावून बसा आणि किती सेकंदांनी ॲप सावरतं ते लिहून ठेवा. माझ्या मते चाचणीतला सर्वांत उपयोगी आकडा हाच असतो.

एकापेक्षा जास्त प्रती

कुबरनेटीजमध्ये प्रत्येक पॉडमध्ये (ॲपच्या एका चालू प्रतीत) साइडकार, म्हणजे ॲपशेजारचा जोडकंटेनर, म्हणून टॉक्सिप्रॉक्सी असेल, तर जितके पॉड तितक्या टॉक्सिप्रॉक्सी, आणि त्या एकमेकींना ओळखत नाहीत. सर्व्हिसच्या पत्त्यावर पाठवलेली एपीआयची रिक्वेस्ट त्यातल्या कुठल्यातरी एकीला पोचते. पोर्ट-फॉरवर्डही सर्व्हिसमागचा एकच पॉड पकडतो. तीन पॉड असतील तर वाहतुकीचा साधारण तिसरा हिस्सा बिघडेल आणि तुम्ही टॉक्सिसिटीला दोष देत बसाल. आणखी वाईट म्हणजे लावताना रिक्वेस्ट एका पॉडला आणि काढताना दुसऱ्याला जाऊ शकते. पॉडची यादी काढा, प्रत्येकाच्या आयपीवर वेगळी रिक्वेस्ट पाठवा, प्रत्येकाकडून परत वाचा. निदान करताना सरळ एकच पॉड ठेवणं सर्वांत सोपं.

टीएलएस, आणि मग टीसीपीडंप

अपस्ट्रीम एचटीटीपीएस असेल तर ॲप आता मूळ नावाऐवजी प्रॉक्सीच्या नावाशी जोडलं जातंय, आणि प्रमाणपत्रावरचं नाव जुळत नाही. त्यावर प्रमाणपत्राची तपासणीच बंद करून टाकायचा मोह होतो. करू नका. ते सेटिंग पुढे सरकत सरकत प्रॉडक्शनला गेलेलं मी पाहिलंय. त्यापेक्षा चाचणीच्या मशीनवर होस्ट्स फाइलमध्ये मूळ नाव प्रॉक्सीच्या आयपीकडे वळवा आणि प्रॉक्सीचा अपस्ट्रीम मात्र खऱ्या आयपीने लिहा. तिथेही नाव लिहिलंत आणि प्रॉक्सी त्याच मशीनवर असेल तर ती स्वतःलाच फोन लावत बसेल.

एवढं करूनही उत्तर मिळत नसेल तर प्रॉक्सीच्या दोन्ही बाजूंना टीसीपीडंप (नेटवर्कवरची पॅकेट पकडून दाखवणारं साधन) लावून पॅकेट कुठे थांबतंय ते पाहणं एवढंच उरतं. स्वतःच्या लॅपटॉपवर खुशाल करा.

इथे थांबा आणि संबंधितांना बोलवा

सामायिक मशीनवर पॅकेट पकडायची वेळ आली तर थांबा. त्यात दुसऱ्यांचा डेटा आणि पासवर्ड येतात. ते काम नेटवर्कच्या किंवा प्लॅटफॉर्मच्या टीमचं आहे, आणि परवानगीने करायचं आहे.

८४७४ हा पोर्ट तुमच्या चाचणीच्या नेटवर्कबाहेरून उघडतोय असं दिसलं तर निदान बाजूला ठेवून लगेच सुरक्षा टीमला कळवा. या एपीआयला लॉगिन नाही. ज्याला पोर्ट सापडला तो तुमच्या वाटा बंद करू शकतो, आणि नवी प्रॉक्सी बनवून आतल्या सेवांपर्यंत रस्ताही काढू शकतो.

लिमिट-डेटा किंवा रीसेट-पीअर (कनेक्शन अचानक तोडणारं टॉक्सिक) लावल्यानंतर डेटाबेसमध्ये अर्धवट नोंदी दिसल्या तर हाताने दुरुस्त करू नका. डीबीएला (डेटाबेस सांभाळणाऱ्याला) बोलवा. ॲपच्या ट्रान्झॅक्शनमधला खरा दोष त्या नोंदींत दिसतोय आणि त्या पुसल्या तर पुरावा जातो.

प्रॉडक्शनच्या वाटेवर टॉक्सिप्रॉक्सी सापडली तर तिचं काहीही बदलू नका, रीसेटसुद्धा मारू नका. कोणीतरी बंद ठेवलेली प्रॉक्सी त्याने चालू होईल. ऑन-कॉल असलेल्याला आधी उठवा.

कोणालाही बोलावताना चार गोष्टी हाताशी ठेवा: ‘/व्हर्जन’चं उत्तर, ‘/प्रॉक्सीज’चं पूर्ण उत्तर, दार बंद केल्यावर ॲपने काय केलं त्याचा वेळेसकट लॉग, आणि एका फेरीच्या पिंगला लागलेला वेळ.